जामसंडे : बंदरापासून सड्यापर्यंत

अमेरिकेतील एखाद्या लहानशा गावाचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे पहिल्याच पानावर त्या गावाची जन्मतिथी सापडते. अमुक साली जमिनीची मोजणी झाली, अमुक साली आगगाडीचे स्टेशन झाले, टपालकचेरी अमक्याच्या दुकानात उघडली, पहिले वर्तमानपत्र तमक्याने काढले, अशी सर्व हकीकत नावनिशीवार दिलेली असते. याचे कारण त्या देशाच्या वसाहतीच्या रीतीत आहे. १७८५ साली तेथे असा कायदा झाला की, ओहायो नदीपलीकडील प्रदेशात वस्ती होण्यापूर्वीच जमीन मोजून टाकावी. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौकोन. त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. आणि त्यांपैकी सोळावा तुकडा शाळेसाठी राखून ठेवावयाचा. आमचे सारे आयुष्य खडू-फळ्यात गेले असल्यामुळे या सोळाव्या तुकड्याविषयी आम्हास मोठा आदर वाटतो. पुढे १८५० नंतरच्या काळात इलिनॉय प्रांतात रेल्वेशी संबंध असलेल्या मंडळींनी तर एकाच नकाशावरून कित्येक गावे आखली व रस्त्यांस नावेही सर्वत्र तीच तीच दिली. ज्या भूमीवर हे चौकोन आखले गेले तिच्यावर आधीपासून राहणारे मूळचे लोक होते व त्यांस तेथून हुसकून लावण्यात आले, ही गोष्ट मात्र या ग्रामेतिहासांच्या पहिल्या पानावर क्वचितच असते.

आमच्या कोकणाची तऱ्हा निराळी. येथे गाव आधी वसले, मोजणीदार मागाहून आला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात जामसंडे म्हणून जे गाव आहे त्याचे वय कोणी विचारल्यास देवळाकडे बोट दाखविण्यावाचून गत्यंतर नाही. श्री दिर्बादेवी व श्री देव रामेश्वर ही तेथील दैवते. गावरहाटी, मानकरी, गाऱ्हाणे आणि कौल हीच अशा गावांची जुनी राज्यघटना होय. कोणत्या दिवशी कोणत्या घराण्याने कोणती सेवा करावयाची हे कोठे लिहून ठेवलेले नसले तरी कोणी विसरत नाही, आणि एखादा विसरलाच तर त्यास आठवण करून देणारे दहाजण उभे राहतात. गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीत मात्र आम्ही शिरत नाही. ध्वनिसाम्यावरून वाटेल त्या ग्रामनामाचे मूळ संस्कृतात नेऊन भिडविणे हे आमच्यासारख्या जुन्या मास्तरांचे व्यसन आहे, आणि साठी उलटल्यावर निदान एक तरी व्यसन सोडावे.

जामसंड्याविषयी लिहिण्याचे कारण असे की, गेल्या दीडशे वर्षांत कोकणच्या वस्तीचा भार समुद्राकडून जमिनीकडे कसा सरकत गेला, हे येथे तीन-चार किलोमीटरांच्या अंतरात डोळ्यांनी पाहावयास मिळते. खाली समुद्राच्या कुशीत देवगड आणि वर सड्याच्या अंगास जामसंडे, अशी ही शेजारीशेजारी वसलेली गावे. एकाचे पोषण पाण्याने केले, दुसऱ्याचे रस्त्याने. आज सरकारदरबारी ती दोन्ही मिळून एक शहर झाली आहेत.

प्रथम देवगडचे पाहू. समुद्रात घुसलेले एक सपाट माथ्याचे भूशिर आहे. त्याच्यावर किल्ला, आणि त्याच्या आडोशाला खाडीचे मुख. पश्चिमेचा वारा व लाटा हे भूशिर अंगावर घेत असल्याने आतील पाणी शांत राहते, आणि कोकण किनाऱ्यावरील उत्तम नैसर्गिक बंदरांत देवगडची गणना पूर्वीपासून होत आली आहे. किल्ला १७०५ च्या सुमारास आंग्र्यांनी बांधला असे सांगतात. उत्तरेस जवळच विजयदुर्ग, ते आंग्र्यांचे मुख्य ठाणे. १७५६ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्रजांचे वॉटसन व क्लाइव्ह यांनी तेथे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले, आणि या कामी पेशव्यांचे इंग्रजांस साह्य होते. आपले आरमार परक्याच्या हातून जाळवून घेण्याचे हे शहाणपण पुढे किती महाग पडले, हे आम्ही वर्गात पोरांस सांगत असू तेव्हा पोरे गप्प होत. असो. त्यानंतर हा मुलूख पेशव्यांकडे गेला, विजयदुर्गास धुळपांचे आरमार नांदले, आणि १८१८ च्या एप्रिलात देवगडचा किल्ला कर्नल इमलाक याने घेतला.

किल्ल्याने गाव झाले नाही. गाव झाले ते कचेरीने. तालुक्याची कचेरी पूर्वी खारेपाटणास होती. खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीवरील आतल्या बाजूचे जुने व्यापारी ठिकाण. परंतु गाळ साचून खाडीतील वाहतूक मंदावली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने कचेरी देवगडास आणली. मामलेदार आला म्हणजे कारकून येतात, वकील येतात, मुद्रांक विकणारा येतो, आणि पक्षकारांस उतरावयास खाणावळ लागते. आमच्या देशातील निम्म्या तालुक्यांची गावे अशीच वाढलेली आहेत. अमेरिकेत हे काम रेल्वेच्या स्टेशनाने केले, आमच्याकडे मामलेदाराच्या टेबलाने.

त्या काळी जामसंडे हे बंदरास लागून असलेले एक शेतकरी गाव होते. खालच्या मळ्यात भात, भरडावर नाचणी, घरामागे नारळ, पोफळी, फणस, आणि वर पसरलेला काळाकुट्ट कातळ, ज्याचा उपयोग गुरे चारण्यापलीकडे कोणास सुचत नसे. माणसे मुंबईस जावयाची ती बंदरावर उतरून. बाँबे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी किनाऱ्याने मुंबईहून गोव्याकडे जात. त्या खोल पाण्यात थांबावयाच्या आणि उतारूंनी पडावातून त्यांच्यापर्यंत जावयाचे. बोचकी, करंड्या, लहान मुले आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या यांना त्या हेलकावणाऱ्या शिडीवर चढविताना खलाशांचे जे कसब दिसे त्याचे वर्णन प्रत्येक जुन्या घरात ऐकावयास मिळते. पावसाळ्याचे चार महिने हा मार्ग बंद. ज्येष्ठात जो आजारी पडला त्याने नारळी पौर्णिमेपर्यंत धीर धरावा, अशी स्थिती होती.

याच आगबोटीने कोकणचा तरुण मुंबईस गेला. गिरणीत गेला, गोदीत गेला, पेढीवर गेला, टपालखात्यात गेला; आणि त्याच वाटेने परत मनिऑर्डर आली. जांभ्याच्या चिऱ्याची घरे, कौलारू छपरे, देवळांचे जीर्णोद्धार, मुलींची लग्ने, सारे या मनिऑर्डरीवर. ब्राह्मणाच्या घरची कथा थोडी वेगळी, पण शेवट एकच. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीची पद्धत होती. ती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात बिल आणले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पुढील वर्षी संपली. नंतर १ एप्रिल १९५७ चा कूळकायद्याचा दिवस आला आणि जो कसत होता तो मालक झाला. आमच्या वाचकांपैकी काही घरांत या गोष्टीचा सल अद्याप असेल. आमच्या मते जे झाले ते न्यायाचेच झाले. स्वतः चिखलात पाय न घालता दुसऱ्याच्या चिखलातले भात घरी आणणे हा काही सनातन धर्म नव्हे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्या घरांस अक्षरओळख होती त्यांनी शहराची वाट अधिकच जवळ केली, आणि गावात राहिला तो वाडा, एखादे वृद्ध जोडपे, आणि वरचा तो निरुपयोगी कातळ.

अमेरिकेतील गावात वस्ती झाली की लवकरच छापखाना येई व स्थानिक पत्र निघे. आमच्या या तालुक्यानेही वर्तमानपत्र दिले, आणि तेही साऱ्या महाराष्ट्रास. मराठीतील पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ ज्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केले ते बाळशास्त्री जांभेकर याच देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. मात्र पत्र निघाले मुंबईस. बुद्धी येथे उपजावी आणि तिचा बाजार मुंबईस भरावा, हा क्रम त्यांच्यापासून आजतागायत चालू आहे, व त्याचा फायदा मुंबईने पुरेपूर घेतला. शाळांच्या बाबतीत मात्र थोडेसे परत आले. येथे सोळावा तुकडा राखून ठेवणारा कोणी नव्हता. कोकणातील शाळा उभ्या राहिल्या त्या गावकऱ्यांच्या वर्गण्यांनी व मुंबईकरांच्या देणग्यांनी. देवगडचे शेठ म. ग. हायस्कूल आणि तेथील केळकर महाविद्यालय यांची नावेच पाहावीत. जामसंड्यासही स्वतःचे हायस्कूल आहे. या शाळांतून शिकून मुले पुन्हा मुंबईस गेली, ही गोष्ट देणगीदारांच्या ध्यानात आधीपासून असावी!

आता रस्त्याकडे वळू. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढच्या काही दशकांत ही लाल गाडी कोकणच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोचली. खाड्यांवर एकामागून एक पूल झाले. फोंडाघाटातून निपाणीकडे जाणारा रस्ता देवगडास देशावरील बाजारपेठेशी जोडू लागला. मुंबई-गोवा महामार्ग सुधारला तसतसा आगबोटीचा उतारू कमी होत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वाहतूक अखेर थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिची जवळची स्टेशने नांदगाव व कणकवली. म्हणजे उतारूला पुढे चाळीस-पन्नास किलोमीटर पुन्हा रस्त्यानेच जावे लागते. आता जो देवगडास जातो तो जमिनीकडून जातो, आणि जमिनीकडून जाणारास आधी जामसंडे लागते. हा एवढासा भूगोल आहे, पण त्याने सर्व उलटे केले. पूर्वी बंदर हे दार होते व जामसंडे माजघर. आता जामसंडे दार झाले आणि बंदर परसू. देवगडच्या भूशिरावर वाढण्यास जागा नाही, तिन्ही बाजूंस पाणी. सड्यावर मात्र जागाच जागा. दुकाने, दवाखाने, वखारी, नव्या वसाहती अशा रस्त्याच्या दोन्ही अंगांस जामसंड्याकडे सरकल्या. बंदरावर मासेमारी राहिली, आणि ती थोडीथोडकी नव्हे. गाबीत समाजाचा चरितार्थ तिच्यावर आहे. बर्फ, डिझेल व जाळी यांचा व्यापार तिच्यामुळे चालतो. परंतु परगावचा माल व परगावची माणसे बंदरावर उतरण्याचे दिवस गेले.

आणि मग त्या कातळाचे दैव उघडले.

हापूस हा काही मूळचा कातळावरचा वृक्ष नव्हे. कलमे बांधण्याची विद्या पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे वाढीस लागली, आफोन्सो द आल्बुकेर्क याच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘हापूस’ झाला असे मानतात, आणि तेथून हा आंबा किनाऱ्याने वर सरकला. जुन्या बागा असत त्या घराजवळच्या मातीत. सड्यावर लावण करावयाची म्हणजे आधी जांभा दगड फोडावयाचा. त्यासाठी सुरुंग लावून खड्डे पाडीत, खालून माती डोक्यावरून वाहून आणून ते भरीत, आणि त्यांत कलम लावून चार-पाच उन्हाळे कावडीने किंवा घागरीने पाणी घालीत. हे काम घरातील बायांनी किती केले, त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही. कातळाला चिरा पडल्या, मुळे त्या चिरांत शिरली, आणि पुढे असे दिसून आले की समुद्राच्या वाऱ्यात, तापलेल्या जांभ्यावर, कमी मातीत वाढलेल्या या झाडाच्या फळास असा सुगंध व अशी पातळ साल येते की मातबर जमिनीतील झाडास ती येऊ नये. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. त्याचे आंबा संशोधनाचे एक उपकेंद्र याच तालुक्यात गिर्ये-रामेश्वर येथे आहे. १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबागांची योजना सुरू केली आणि लागवडीचा खर्च सरकारातून मिळू लागला. तेव्हा जो तो कातळ फोडू लागला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या सड्यावर फक्त वारा भणाणे तेथे झाडांच्या ओळी उभ्या राहिल्या, बागेभोवती गडगे आले, आणि दोन भावांत जो कातळ ‘तुला घे’ ‘मला नको’ म्हणून वाटला गेला होता त्याच्यावरून दिवाणी दावे सुरू झाले.

आंब्याचे झाड मात्र सरकारी नोकरासारखे ठरलेल्या तारखेस पगार देत नाही. एक वर्ष भरभरून आले तर दुसरे वर्ष रिकामे जाते. त्यावर कल्टार नावाचे औषध निघाले, त्याने मोहोर वेळेवर व दरसाल येऊ लागला. पण ज्यांनी ते बेताने वापरले नाही त्यांची झाडे थकली. मोहोरावर तुडतुडे पडतात, फुलकिडे पडतात, आणि फवारणीचा खर्च दर हंगामास चढत जातो. फळ वरून सुरेख दिसावे आणि कापल्यावर आत साका निघावा, हे दुःख तर ज्याने सोसले त्यासच ठाऊक. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने ऐन हंगामात किनाऱ्यावर नौका व बागा दोहोंची नासाडी केली.

विक्रीचीही तीच गत. पूर्वी आंबा आगबोटीने व पुढे मोटारींतून क्रॉफर्ड मार्केटात जाई. १९९६ साली फळबाजार वाशीस हलला तसा तो तिकडे जाऊ लागला. पेटी पेंढा घालून भरावयाची, संध्याकाळच्या गाडीत चढवावयाची, आणि भाव काय आला ते पुढे दलालाची पट्टी येईल तेव्हा वाचावयाचे. आपल्या मालाची किंमत सर्वांत शेवटी कळणारा जर कोणी व्यापारी असेल तर तो हा बागाईतदार. हे पाहूनच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था निघाली, तिचे ठाणे जामसंड्यास आहे. आंबा स्वतः निवडावा, स्वतः पिकवावा आणि थेट गिऱ्हाइकाच्या घरी धाडावा, हा मार्ग तिने दाखविला. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेने भारताच्या आंब्यास बरीच वर्षे बंद ठेवलेला दरवाजा उघडला, तेव्हा किडीच्या भयाने फळावर किरणांची प्रक्रिया करण्याची अट घातली. त्यासाठी हापूस नाशिक जिल्ह्यात लासलगावास न्यावा लागला, कारण कांदा टिकविण्यासाठी उभारलेले यंत्र तेथे होते! कोकणचा आंबा घाट चढून कांद्याच्या गावी गेला आणि तेथून न्यूयॉर्कास. आरंभी आम्ही ज्या चौकोनी गावांचा उल्लेख केला त्यांपैकी एखाद्या गावातील मराठी घरात आज देवगडचा आंबा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ताटात पडत असेल, तर त्यात नवल नाही.

पण ‘देवगडचा’ म्हणजे कोठला? हा प्रश्न आता नुसत्या अभिमानाचा राहिला नसून पोटाचा झाला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे आले. तथापि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ‘देवगड हापूस’ म्हणून जी रास दिसते ती सारीच या पाच जिल्ह्यांतील असते असेही नाही. परप्रांतातील आंबा जुन्या पेटीत व जुन्या कागदात गुंडाळला की देवगडचा होतो. तालुक्याच्या झाडांना लागणाऱ्या फळांपेक्षा बाजारात विकली जाणारी ‘देवगडची’ फळे अधिक, असा बागाईतदारांचा आक्षेप आहे. म्हणून २०२५ च्या हंगामापासून जामसंड्याच्या या संस्थेने प्रत्येक फळावर क्रमांक असलेली चिकटपट्टी लावण्याचे ठरविले. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, दुसरा पट्टीखाली दडलेला असतो. गिऱ्हाइकाने त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून धाडावे, म्हणजे त्यास दडलेला भाग विचारला जातो व तो जुळला की आंबा कोणाच्या बागेतला ते कळते. एकेका फळास गोत्र-प्रवर सांगावे लागण्याची पाळी आली आहे. आमच्या घरांतील गृहिणींस विनंती आहे की, यंदा आंबा घेताना ही पट्टी पाहावी. दोन पैसे स्वस्त म्हणून जे घेतले जाते त्याची झळ कोणास लागते हे वर आलेच आहे.

गावाच्या वाढीची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्यांच्या मुख्य ठिकाणी नगरपंचायती स्थापण्याचे ठरविले, आणि त्या धोरणानुसार देवगड-जामसंडे नगरपंचायत अस्तित्वात आली. सतरा प्रभाग, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी. जामसंड्याचा शेतकरी अशा रीतीने नागरिक झाला, आणि त्याच्या गडग्यास शहरी नियम लागू झाले. आता शेजारी दुसरे आकडे पाहा. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. साऱ्या देशात माणसे वाढत असता या जिल्ह्यात ती १९ हजारांनी घटली. २०११ सालीच दर १००० पुरुषांमागे येथे १०३६ स्त्रिया होत्या. याचा अर्थ समजावयास गणिती लागत नाही. ज्यांचे बाप, भाऊ व मुलगे मुंबईस आहेत त्या घरांतील बायांची ही मोजदाद आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला व मनिऑर्डरीचा मोठा झरा आटला, तेव्हा काही माणसे परतली. पण त्यांची मुले पुन्हा गेली. म्हणजे गावास शहराची पदवी मिळाली ती जिल्ह्यातून माणसे निघून जात असता.

शहराला पहिली गोष्ट लागते ती पाणी. पावसाळ्यात या किनाऱ्यावर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, हे देशावरच्या माणसास खरे वाटत नाही. जांभा दगड हा चाळणीसारखा आहे. वरचे पाणी खाली जाते व समुद्रास मिळते. देवगड-जामसंड्याचे नळाचे पाणी दहिबावहून, अन्नपूर्णा नदीवरून येते. एवढ्या लांबून आणलेली नळी कोठे ना कोठे फुटते, आणि ती फुटली की नगरपंचायत असो वा ग्रामपंचायत, बायांच्या डोक्यावर कळशी ठरलेली. तरी नव्या इमारती उठत आहेत व त्यांतील प्रत्येक सदनिकेस तीन-तीन नळ आहेत. सड्यावरचे पावसाचे पाणी अडवून मुरविण्याचे तळ्यांचे जुने शास्त्र आमच्या पूर्वजांस अवगत होते. त्याकडे नव्या नगरसेवकांनी लक्ष द्यावे असे आम्हास वाटते.

मोठ्या वाढीची एक संधी, किंवा संकट म्हणा, २०१७ साली तालुक्याच्या उत्तर टोकास आली होती. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात राजापूर तालुक्यातील गावांबरोबर देवगड तालुक्यातील गिर्ये व रामेश्वर यांचाही समावेश होता. लोकांनी विरोध केला आणि २०१९ च्या मार्चात सरकारने तो तेथून मागे घेतला. रोजगार गेला म्हणून हळहळणारे आहेत, बागा वाचल्या म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारेही आहेत. आमचे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते; परंतु ज्याच्या घरी बाग नाही त्यास ‘बाग वाचली’ हे उत्तर पुरत नाही, हेही आम्ही जाणतो.

आता शेवटचा विषय, जो आमच्या वाचकांच्या घरात प्रत्यक्ष येऊन बसलेला आहे. सातबारा! सड्यावरील एखाद्या बागेचा उतारा काढून पाहावा. पणजोबांच्या नावाखाली वारसांची वीस-पंचवीस नावे. एक पुण्यास, चार डोंबिवलीस, दोन बडोद्यास, एक अमेरिकेत, एकीचा पत्ता कोणासच ठाऊक नाही. सामायिक जमीन म्हणून विहीर खणावयाची तर सर्वांच्या सह्या, वीज घ्यावयाची तर सर्वांच्या सह्या, कर्ज काढावयाचे तर सर्वांच्या सह्या. मग बाग कोणा व्यापाऱ्यास कराराने दिली जाते, हंगामाचे पैसे वाटून घेतले जातात, आणि कराराचे काही वर्षांनी संपणार म्हणून तो व्यापारी झाडास पिळून घेतो. एकत्र कुटुंबाचा अभिमान आम्हासही आहे. पण कुटुंब एकत्र नाही व जमीन तेवढी एकत्र आहे, ही स्थिती झाडांस मानवत नाही. वडीलधारे हयात आहेत तोवर घरात बसून, वकिलाच्या पायरीपूर्वी, वाटपाचा किंवा एकाकडे कुलमुखत्यारपत्र देण्याचा निकाल लावणे शक्य असते. पुढच्या पिढीतील चुलतभावांना एकमेकांची तोंडेही ओळखता येत नाहीत.

या बागांची राखण आज कोण करतो? बहुतेक ठिकाणी नेपाळहून आलेला गडी. कोकणातील आंब्याच्या बागांत ही माणसे आता हजारोंनी आहेत. पावसाळा सरता सरता ती येतात, बागेतील खोपटात राहतात, झाडांची साफसफाई, फवारणी, राखण, माकडे हाकणे, काढणी, पेटी भरणे, सर्व करतात. कोणी मृगाच्या सुमारास गावी परततात, कोणी बायकामुलांसह येथेच राहून जातात. अमेरिकेतील गावे दुरून आलेल्या माणसांनी वसविली. आमच्या गावच्या मुलांपैकी कोणी तिकडे जाऊन तेथील गावात घर केले, आणि आमच्या सड्यावर हिमालयाच्या पायथ्याचा माणूस येऊन चूल पेटवीत आहे. त्याच्या भाड्याच्या खोलीस नगरपंचायतीचा नळ मिळावा की नाही, त्याचे नाव मतदारयादीत नसताना त्याच्या वस्तीतील गटाराची काळजी कोणत्या प्रभागाने वाहावी, हे प्रश्न अजून कोणाच्या विषयपत्रिकेवर दिसत नाहीत.

मे महिन्यात चाकरमानी येतात. कुलपे उघडतात, ओटीवर माणसे दिसतात, देवळात गाऱ्हाणे घातले जाते, रसाची पातेली भरतात, आणि ‘निवृत्त झाल्यावर येथेच येऊन राहावयाचे’ असे दरवर्षीप्रमाणे ठरते. पहिला पाऊस पडला की गाड्या नांदगावच्या वाटेस लागतात. जून महिन्यात शाळा उघडते, पट भरला जातो, आणि गावच्या जुन्या घराण्यांच्या आडनावांमध्ये थापा, बोहरा अशी आडनावे आता अशा शाळांतून लिहिली जाऊ लागली आहेत. ही मुले ‘आंबा’ या शब्दापासून मराठी वाचावयास शिकतात, आणि आमच्या अनुभवात अशी मुले शुद्धलेखनात मागे राहिलेली नाहीत.